हेरिंगच्या टाकीतले सूर

३ जून
पोचले एकदाची मेन राज्यात! माझा गायक मित्र वेंडेल फाटकातूनच ओरडला की, आलीस का गं ओडेट, मला वाटलं बोस्टनच्या उकाड्यात विरघळलीस. आम्ही रेकॉर्डिंग करणार ती हेरिंग माशांच्या तेलाची लोखंडी टाकी तीस वर्षं रिकामी आहे. आत त्याने एक टाळी वाजवली, तर नाद विरायला चाळीस सेकंद लागले. आठवडाभर तो गुणगुणणार, मी माझा पितळी ट्रॉम्बोन फुंकणार. आधी काही ठरवायचं नाही, कानावर पडेल त्याला उत्तर द्यायचं, बस्स. अकरा वर्षांत त्याची एकही रेकॉर्ड निघालेली नाही, त्यामुळे स्वारी पेटली आहे. त्याची बायको लोर्ना मला बाजूला घेऊन म्हणाली, हा खाण्यापिण्याची शुद्ध विसरतो, याला धडधाकट घरी आण म्हणजे झालं. मी शब्द दिला. तिने केलेलं माशांचं दाट सूप दोन वाडगे हाणलं.

४ जून
ट्रॉम्बोनच्या नळीत थुंकीचं पाणी साचतं, ते मी नेहमीसारखं खाली, टाकीच्या लोखंडी तळावर सोडलं. जेवून आलो तर पाणी गायब, आणि तेवढाच लोखंडाचा तुकडा चाटूनपुसून लख्ख. वेंडेल म्हणाला, वाळलं असेल. इथल्या ओशट दमटपणात काय वाळणार, कपाळ!
मग रेकॉर्डिंग ऐकलं. माझा सूर विरत आला की मागून मचमच ऐकू येते, कोणीतरी मिटक्या मारत असल्यासारखी. मला शिसारी आली. वेंडेल मात्र खूश, म्हणे तिसरा वादक मिळाला, तोही फुकटात.

५ जून
भिंती कोमट, बुळबुळीत. वास न घासलेल्या तोंडाचा. वेंडेल आता मुद्दाम थुंकतो. थुंकला की नाद लांबतो, गोड होतो. तो नाद मला आवडला, याचीच जास्त किळस येते. चार वेळा दात घासले.

६ जून
सकाळी लोर्नाचा फोन, की वेंडेल घरी आलाच नाही. टाकीत भिंतीला गाल लावून बसला होता. सोडवला, तर कातडीचा पापुद्रा भिंतीलाच राहिला आणि भिंतीने तो — शी!
म्हटलं, ऊठ, लोर्ना रडतेय. तर म्हणतो, मैफल अर्ध्यात टाकून उठतं का कोणी, वेडे? बोलताना जीभ दिसली. चघळलेल्या गोळीसारखी झिजलेली.

७ जून, दुपार
त्याला न्यायला आलेय. त्याचं तोंड मिटलेलं, तरी गुणगुण भिंतीतून येते. दोन्ही हातांनी ओढलं. हलत नाही. पाठ कुठे संपते, लोखंड कुठे सुरू —
मला लाळ सुटलीय. थांबत नाही. ओठ घट्ट मिटलेत, म्हणून लिहितेय. कोपऱ्यांतून गळतेच, वहीवर — शाई फुटतेय —
गुणगुण थांबली. माझ्यासाठी थांबलीय.
वेंडेल हसून शेजारची जागा थोपटतोय. मी मान हलवली. पुन्हा थोपटली. नको, एवढंच सांगायला तोंड उघडलं आणि