खोट्या पत्राला आलेले उत्तर

बाई, तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते, आणि ती बातमी मला कोणी सांगितली नाही. शाळेच्या बसमध्ये पुढच्या बाकावरची एक बाई दुसरीला सांगत होती, ती मी ऐकली. त्याला आता अकरा वर्षे झाली. या अकरा वर्षांत तुम्हाला कळवण्यासारखे काही घडले नाही असे नाही. पण दहावीचा पहिला क्रमांक, इंजिनिअरिंगचा प्रवेश, पदवी, यांपैकी काहीही सांगितले असते तरी तुम्ही मान न वळवता 'बरे' एवढेच म्हणाला असता, आणि तेवढ्यासाठी पत्र लिहावे असे कधी वाटले नाही. आज जे सांगायचे आहे ते बरे की वाईट, हेच मला ठरवता येत नाही. म्हणून लिहिते आहे.

मला नोकरी लागून सहा महिने झाले. आपल्या हळर्णहून सकाळची पहिली बस, धारगळला हायवेवर दुसरी, आणि पुढे पर्वरीला एका काचेच्या इमारतीत आमचे ऑफिस. कामाला सायबर सुरक्षा म्हणतात आणि त्यात मी सगळ्यांत खालच्या पायरीवर आहे. दुसऱ्यांच्या कार्यालयांतले संगणक काही वेगळे वागू लागले की आमच्या पडद्यावर सूचना उमटते. कोणी पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला, कोणाच्या खात्यात परदेशातून प्रवेश झाला. त्यांतले खरे कोणते आणि उगाचचे कोणते हे मी पाहायचे आणि वरच्यांना कळवायचे. बहुतेक सूचना उगाचच्या असतात. पहिल्या महिन्यात आईला हे समजावून सांगितले तेव्हा ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "म्हंजे तू वॉचमन. तेच्यासाठी इतक्यां शिकाक होयां होतां?" मला हसू आले, आणि दुसऱ्या दिवशी पडद्यासमोर बसल्यावर तिचे फारसे काही चुकलेले नाही असेही वाटले. काम मला मानवते, कारण त्यात बोलावे लागत नाही. बैठकीत मात्र मी मनात इंग्रजी वाक्य जुळवीपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. चौथीपर्यंत तुमच्याकडे सगळे मराठीतून शिकले, पाचवीला एकदम इंग्रजी आले. त्या उंबरठ्यावर माझा एक पाय अजून अडकलेला आहे.

आमची कंपनी आणखी एक काम करते. एखाद्या संस्थेतले लोक किती सावध आहेत हे पाहण्यासाठी तिथल्या कर्मचाऱ्यांना मुद्दाम खोटी ईमेल पाठवायची. तिच्यात एक दुवा असतो; तो उघडून कोणी आपला पासवर्ड टाकला तर तो फसला असे समजायचे. खरा चोर असेच करतो, म्हणून ही परीक्षा. हे सारे त्या संस्थेच्या व्यवस्थापनाच्या संमतीनेच चालते. डिचोलीकडच्या एका शिक्षणसंस्थेचे असे काम आमच्याकडे आले. आधी नेहमीची इंग्रजी ईमेल पाठवली. ती कोणी उघडलीच नाही. आमचे टीम लीड म्हापशाचे, जेमतेम तिशीचे, मनाने चांगले. ते माझ्या टेबलाशी आले. मी एकदा त्यांच्या एका मराठी अहवालातले ऱ्हस्वदीर्घ सुधारले तेव्हापासून ते मला टीचर म्हणतात. "टीचर, इंग्लीश मेल थंय कोणूच वाचना. तूं मराठींत बरय पळोवया. एकदम तांच्याच हापिसांतल्यान आयिल्ली दिसपाक जाय." सहा महिन्यांत पहिल्यांदाच कोणीतरी मला जमेल असे काही सांगत होते, त्यांच्याच कार्यालयातून आल्यासारखे मराठी पत्र लिहायला. मी लगेच हो म्हणाले.

आता ते लिहिताना काय झाले ते सांगते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही मला शिष्यवृत्तीच्या अभ्यासाला घरी नेत असा. मी स्वयंपाकघरात जनेलातून येणाऱ्या उजेडात बसलेली आहे, तुम्ही आदोळीवर नारळ खवत आहात, आणि मी माझे पत्र वाचून दाखवते आहे. विषय पुस्तकातलाच, ग्रंथपालास विनंतिपत्र. तुम्ही खवणे थांबवत नाही. "वाचणाऱ्याचा चेहरा समोर आण. तो आत्ता काय करतो आहे? हातातले काम बाजूला ठेवून त्याने तुझे पत्र का वाचावे?" मी पुन्हा पहिली ओळ वाचू लागते. "मग परत लिही." तिसऱ्या वेळी तुम्ही वर पाहिलेत आणि खवलेल्या खोबऱ्याची चिमूट गुळाबरोबर माझ्या हातावर ठेवलीत. शाळेत तुम्ही पुस्तकातल्यासारखे बोलत असा, आणि पायरी उतरताच आपली भाषा. पण तुमच्या स्वयंपाकघरात पत्राची गोष्ट निघाली की पुन्हा शाळा सुरू व्हायची.

मी पर्वरीला बसून एक चेहरा समोर आणला. डिचोलीतल्या एका कार्यालयातला कोणीतरी, पुढ्यात हजेरीपत्रके, मागे कपाट, दुपारचा चहा येऊन गेलेला. हा माणूस हातातले काम कशासाठी बाजूला ठेवील? आणि मला उत्तर लगेच सापडले, कारण मी स्वतः ज्यासाठी ठेवीन तेच मी लिहिले. संस्थेतर्फे 'आमचे शिक्षक' या विषयावर स्मरणपुस्तिका निघत आहे. आपणांस लहानपणी ज्यांनी घडविले त्या शिक्षकांविषयी चार ओळी अवश्य लिहाव्यात. शिक्षक आपल्या संस्थेतीलच असावेत असे नाही. लेखन सोबतच्या दुव्यावर आपला नेहमीचा पासवर्ड घालून नोंदवावे. मायना, विषय, कळावे, सगळे तुम्ही घालून दिलेल्या वळणाने. टीम लीडनी ते वाचले आणि आपणच फसल्यासारखे म्हणाले, "आयलो! हांवूच पासवर्ड दितलों आसलों."

अकरा जणांनी पासवर्ड दिला. बैठकीत माझे कौतुक झाले. टाळ्या वाजत असताना मला चौथीतला तो दिवस आठवला. वर्गातल्या मैत्रिणीला मांद्र्याला मामाकडे राहायचे होते, म्हणून तिच्या बाबांच्या नावाने रजेची चिठ्ठी मी लिहून दिली होती. तुम्ही ती वाचलीत, घडी घातलीत, वर्गासमोर मला उभे केलेत आणि मैत्रिणीकडे बोट दाखवून, शाळेत असूनही आपल्या भाषेत म्हणालात, "हिच्या बापसाक मी वळखतंय. इतक्यां शुद्ध तो जल्मात लिवचो ना." सगळा वर्ग हसला. मग मुले मधल्या सुट्टीत गेल्यावर तुम्ही मला थांबवून हळू आवाजात म्हणालात, "दुसऱ्याचा हात घेऊन लिहायचे नाही. तुझा चांगला आहे, म्हणून तर मुळीच नाही." त्या दिवशी ज्या गोष्टीसाठी मी रडले तिच्याचसाठी आता टाळ्या. यातले खरे कोणते? मला ठाऊक आहे की खरा चोर याहून गोड पत्र लिहील, आणि त्याच्याआधी आम्ही लिहिलेले बरे. हे मी स्वतःला दिवसातून दोनदा समजावते. ते पटतेही. तरी काहीतरी शिल्लक राहते, आणि ते काय, हे मला शब्दांत मांडता येत नाही. मला, जिला तुम्ही शब्दांसाठी कधी नापास केले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या खोट्या पत्त्यावर एक उत्तर आले. अशा ईमेलना उत्तर कोणी देत नाही. आमच्या तक्त्यात 'उघडले', 'दुवा दाबला', 'पासवर्ड दिला' असे रकाने आहेत, 'उत्तर दिले' असा नाही. ती पेटी पाहण्याचे काम माझेच. लिहिणारी संस्थेच्या कार्यालयात काम करणारी एक बाई, अकरांतलीच एक. दुव्यावर लेखन नोंदवता येईना, म्हणून तिने सरळ पत्र लिहून पाठवले होते. 'महोदय, आपले पत्र पावले. इतक्या आपुलकीने कोणी विचारल्याचे स्मरत नाही.' आणि पुढे, बाई, तुम्ही होता. तिचे माहेर हळर्ण. मी जन्मण्याच्या कितीतरी आधी ती तुमच्या शाळेत होती. आई पहाटेच मासळी घेऊन बाजाराला जायची, केस विंचरायला घरी कोणी नाही, विस्कटलेल्या केसांची मुले चेष्टा करतात म्हणून तिने शाळा सोडली होती. तुम्ही पंधरा दिवस रोज शाळेच्या वाटेवर तिच्या घरी थांबलात, पायरीवर बसून तिच्या दोन वेण्या घातल्यात आणि तिला बरोबर घेऊन गेलात. सोळाव्या दिवशी तिला स्वतःला वेणी घालता येत होती. हे तुम्ही आम्हाला कधी सांगितले नाहीत. मी ते पत्र चार वेळा वाचले. तुमच्याविषयी कोणीतरी लिहावे असे मला नेहमी वाटायचे, आणि ते लिहिले गेले ते माझ्या गळाला लागून.

ज्यांनी पासवर्ड दिला त्यांना फोन करून तो बदलायला सांगायचे, हेही खालच्या पायरीचेच काम. समोर छापील मजकूर असतो. त्या बाईला फोन लावून तो मी वाचू लागले. तिने मला पुरते वाचू दिले.

"म्हंजे तां पत्र खोटां?"

"चाचणी होती. आपले काही नुकसान झालेले नाही."

"गो, पण इतक्या बऱ्या मराठीत खोटां कोण लिवता?" मग तिने विचारले, "आनी मी लिवलंय तां? तां कोणी वाचलां?"

"ते यंत्रणेकडे जाते," मी म्हणाले.

"बरां झालां. माका लज दिसता होती." ती हसली. मग आवाज उतरला. "बाये, एक विचारू? माजां नाव वयर जातलां? नऊ वर्सां मी कंत्राटार आसंय. माका कायम करूचो कागद ह्याच म्हयन्यात कमिटीफुडे येवचो आसा."

यादी व्यवस्थापनाला जाते, असे मी सांगितले. छापील मजकुरात तसेच आहे. ती म्हणाली, "जावंदी. तुजां काम तू करतंस. पण ज्यान तां लिवलां तेका सांग, हात बरो आसा."

यादी पाठवायला तीन दिवस होते. दहा नावे लिहून अकरावे गाळणे अगदी सोपे होते. मोजून पाहणारे कोणी नव्हते. तुम्ही काय म्हणाला असता, हे मी तीन दिवस स्वतःला विचारले, आणि दर वेळी तुम्ही वेगळे म्हणालात. वेणी घालणाऱ्या तुम्ही एक सांगत होता, चिठ्ठीची घडी घालणाऱ्या दुसरेच. शेवटी मी अकराही नावे लिहिली आणि खाली दोन पानांचे निवेदन जोडले: हे पत्र या भागातल्या व्यक्तीने या भागातल्या माणसांच्या मायेला हात घालून लिहिलेले होते, त्याला फसणे हा निष्काळजीपणा नव्हे, शिक्षकाची आठवण ज्याला आहे तो कोणीही फसला असता. टीम लीडनी ते दोनदा वाचले. "टीचर, हो रिपोर्ट न्हय, निबंध." पण ते हसले नाहीत. त्यांनी त्यातले एक वाक्य ठेवले, 'सदर यादीचा उपयोग सेवाविषयक निर्णयासाठी करू नये', आणि आपल्या सहीने पाठवले. त्यांच्या हातून होण्यासारखे तेवढेच होते, असे मला वाटते.

काल कळले. त्या बाईने नवा पासवर्ड कसा ठेवावा हे विचारायला आमच्या मदतकक्षाला फोन केला होता, आणि बोलता बोलता तिनेच सांगितले. तिला कायम करण्याचा कागद वर्षभरासाठी पुढे ढकलला आहे. कारण तोंडी सांगितले, लिहून दिले नाही. फोन माझ्या शेजारच्या मुलीने घेतला होता. मी तिथेच होते, आणि हात पुढे केला नाही.

हे पत्र कुठे पाठवायचे नाही, हे मी लिहायला बसतानाच जाणत होते, म्हणून तर इतके लांबले. जिला उत्तर लिहायला हवे तिला ते लिहिता येत नाही. तिला मी कोण म्हणून लिहू? पण मी तिला केलेल्या त्या पहिल्या फोनवरचे एक बोलणे मी वर गाळले आहे. ठेवण्याआधी तिने मला विचारले होते, "तुजो गाव खंयचो गो? बोलणां आमच्या वाटेचां दिसता." मी पणजी म्हणाले. "मग तुका म्हायती नासतली," ती म्हणाली, "हळर्णच्या शाळेत आमच्यो एक बाई होत्यो." आणि मी, बाई, छापील मजकुरात नसलेले ते वाक्य अगदी स्पष्ट आवाजात म्हणाले, की नाही, मी त्यांना ओळखत नाही.