सोल, तैपेई आणि जास्तीचं तूप

२ नोव्हेंबर

सोल की तैपेई! सोल की तैपेई! ऑफिसात दिवसभर डोक्यात एवढंच. लग्न तीन आठवड्यांवर, ब्लाउज शिवायला टाकलेले नाहीत, आणि मी परदेशातले डोंगर बघत बसलेय.

इंद्रजीतचं म्हणणं — हनिमून सोलला. शहराच्या कडेलाच उभा कातळ, तार धरून चढायचं! बोलताना डोळे असे चमकतात त्याचे, की कातळ गेला खड्ड्यात, याच्याकडेच बघत बसावं. मी म्हणते तैपेई. तिथल्या संग्रहालयात एकात एक कोरलेले हस्तिदंती गोळे आहेत. ते मला बघायचेतच! डोंगरही आहे की — हत्ती डोंगर. पायऱ्यांचा.

"पायऱ्याच चढायच्या तर आपली पर्वती काय वाईट आहे?" — इति नवरदेव.

खरी भानगड वेगळीच. पहिल्या भेटीत त्याने विचारलं, ट्रेकला जातेस का? मी म्हटलं, म्हणजे काय, नेहमी! मी नारायण पेठेतली. आमच्याकडे रिक्षा मिळाली नाही की तोच ट्रेक. सोलला गेलो तर माझं पितळ उघडं!

९ नोव्हेंबर

सिंहगड. "प्रॅक्टिस," म्हणाला. मेले! तीनदा लिंबू सरबत, चारदा खाली वाकून बुटाची नाडी बांधायचं नाटक. वर पिठलं-भाकरी हाणली. त्याला काही कळलं नसावं. नसावंच!

१५ नोव्हेंबर

आज त्याला केळकर संग्रहालयात नेलं. अडकित्त्यांसमोर उभा राहून जांभई. "असली जुनी भांडीकुंडी आमच्या माळ्यावर पण आहेत." मग बाकावर बसून क्रिकेटचा स्कोअर! मोडू का लग्न?

१६ नोव्हेंबर

नाही मोडत. धायरीला गेले होते, त्यांच्या घरी. सासूबाईंनी, म्हणजे बायडाबाईंनी, ठणकावलं — "आधी जेजुरी. मग जावा कुठं जायाचं तिकडं."

तिथे नवऱ्याने नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, अशी रीत. मी म्हटलं, पाच कशाला? दीपमाळेपर्यंत नेलंस तर सोल. मध्ये टेकवलंस तर तैपेई!

"ठरलं!"

"ह्यो येडा हायच," सासूबाई म्हणाल्या, "तू बी तसलीच व्हय गं?"

१७ नोव्हेंबर

वरणभातावर तूप वाढवलंय. आई चक्रावलीये — बाकीच्या मुली लग्नाआधी डाएट करतात!

२३ नोव्हेंबर

झालं लग्न!! पाय तुटलेत. गाल हसून हसून दुखतायत.

२५ नोव्हेंबर

जेजुरी. भंडाऱ्याने सगळे पिवळे. पाच पायऱ्या झाल्या, लोक म्हणाले पुरे. हा थांबतोय कशाला! मी वरून खिदळतेय, तो लालबुंद — आणि कमरेत उसण! मला आधी नीट टेकवलंन, मग स्वतः बसला. मी जिंकले. आणि तिथेच भोकाड पसरलं.

डॉक्टर म्हणाले, सपाटीवर चाला, चढणं महिनाभर बंद. तूप! सगळं त्या तुपाने केलं. कातळ तर गेलाच, आता हत्ती डोंगरही नाही बिचाऱ्याला.

राहवेना. सांगून टाकलं — मला ट्रेकबिक काही जमत नाही रे. तो कण्हत कण्हत हसला. "माहितीये. सिंहगडावर चारदा नाडी बांधलीस. तुझ्या बुटांना नाडीच नव्हती."

२६ नोव्हेंबर

बूट बघितले. खरंच नाहीये!

९ डिसेंबर, तैपेई

हत्ती डोंगराच्या माथ्यावर. मी. एकटी! जीव घशाशी आलाय, पण खाली अख्खं शहर पसरलंय. त्याला दाखवायचं म्हणूनच चढले. व्हिडिओ कॉल लावला. साहेब संग्रहालयात, सकाळी सोडलं होतं तिथेच, गोळ्यांच्या काचेला नाक लावून.

"नंतर कर गं," कुजबुजला. "आत अजून एक दिसतोय."