टाळूला लाव

प्रिय माय,

उद्या गौरीला घेऊन नागपूरला जायचं आहे. शेवटची तपासणी. तिथे औषधाच्या नोंदींची वही परत द्यायची आहे, आणि वहीत तू आहेस. म्हणून आज लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवायचे. आताही मोठ्याने वाचते आहे. घरात ऐकणारी गौरी एकटीच, आणि ती ऐकते की नाही हे मला नऊ वर्षांत कळलेलं नाही.

आठवतं, नागपूरला पहिल्या दिवशी तू डॉक्टरबाईंना काय विचारलंस? गांजाच्या झाडातून काढलेलं औषध आहे, गौरीसारख्या स्वमग्न मुलांचं स्वतःला मारून घेणं त्याने कमी होतं का ते तपासायचं आहे, असं त्या समजावत होत्या. नशेचा भाग काढून टाकलेला असतो, म्हणाल्या. तू म्हणालीस, "नशाच नाई चढत, तं मंग गांजा काऊन म्हन्ता, बाई?"

त्या हसल्या. मी मात्र लाजले. धानोऱ्याच्या शाळेतली मी मास्तरीण, आणि माझी आई अशी बोलते! ते लाजणं परत घेता आलं असतं तर.

काही मुलांच्या बाटलीत औषध, काहींच्या नुसतं तेल. कुणाच्या कुठलं, हे अभ्यास संपेपर्यंत डॉक्टरांनाही कळणार नव्हतं. तुला ते अजिबात पटलं नव्हतं.

थेंब जिभेखाली द्यायचे होते. गौरी तोंड उघडेना, तुझ्या बोटाला चावली. मी शाळेतून फोन लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, टाळूला लागले तरी चालेल. मी तुला तेवढंच सांगितलं, "माय, टाळूला लाव." आणि वर्गात गेले.

त्यानंतर रोज संध्याकाळी माझा एकच प्रश्न. दिले का थेंब? तू म्हणायचीस, दिले. मी वहीत खूण करायचे. पुढच्याच महिन्यात गौरीचं भिंतीवर डोकं आपटणं कमी झालं. पानामागून पान मी लिहीत गेले: कमी. कमी. आज नाही.

मग तू गेलीस. चुलीवर चहा होता, आणि तू बसल्या जागी गेलीस. एवढी कसली घाई होती?

मी ड्रॉपर घेऊन गौरीसमोर बसले. तिने मान खाली घातली. मला वाटलं, नको म्हणते आहे. तीन दिवस मी तिच्या ओठांशी झटत राहिले. चौथ्या दिवशी तिने माझा हात धरला, आपणहून, आणि स्वतःच्या डोक्यावर नेऊन ठेवला. मधोमध.

तेव्हा कळलं. मी तोंडातली टाळू म्हणाले होते. तू आयुष्यभर गावातल्या बाळांची टाळू तेलाने भरलीस. तू दुसरी कुठली टाळू ऐकणार होतीस?

वही काढून पाहिली. देणाऱ्याच्या सहीच्या जागी तुझे अंगठे. प्रत्येकाभोवती तेलाचा डाग, कागद आरपार दिसतो. मला तो स्वयंपाकाचा हात वाटायचा. कसे देतेस, हे मी एकदाही विचारलं नाही.

पण तूही सांगितलं नाहीस, माय. गौरी डोक्याला हात लावू देते, हे का नाही सांगितलंस? मी तर तिच्या डोक्याला हात लावणं केव्हाच सोडलं होतं. शेजारच्या सुमनबाई परवा म्हणाल्या, "तुमची माय दुपारभर तिचं डोस्कं चोळत बसे. मले वाटे, तुमाले ठाऊक असन."

मला ठाऊक नव्हतं.

औषध असेल तर ते केसांत गेलं. नसेल तर नुसतं तेल गेलं. मग कमी झालं ते कशाने?

सांगितलं तर गौरीची पानं अभ्यासातून काढतील. तिला हे औषध खरंच लागू पडतं का, ते कळायचं राहूनच जाईल. गप्प बसावं असं दोनदा मनात आलं. पण जिवतीकडची ती बाई आठवते ना, मुलाचे हात ओढणीने बांधून तपासणीला बसमधून आणायची? तिने मला विचारलं होतं, "तुमच्या पोरीले फरक हाय का?" मी हो म्हणाले होते. तिचा उजळलेला चेहरा अजून दिसतो.

म्हणून उद्या वही देण्याआधीच सगळं सांगेन. शब्द माझा होता, तुझी चूक नव्हती, हेही सांगेन. तुझा एकही अंगठा झाकणार नाही.

तू गेल्यापासून ती पुन्हा आपटून घेते. जवसाचं तेल आणून ठेवलं आहे. माझा हात ती थोडाच वेळ राहू देते, मग ढकलते. तुझ्यासारखा तो जड नसेल, किंवा घाईचा असेल. ढकलू दे. शाळेतून आले की रोज तिच्यासमोर हात पुढे करून बसेन. ती धरून नेईल तेव्हाच ठेवीन.

तुझी,
शकू