आधी फुंका, मग चावी

कोबे
८ फेब्रुवारी २०२६

ती. दिगंबरमामांस,
कादंबरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलेलं मामी तुमच्यापर्यंत अर्धंच पोचवते, म्हणून तुमच्या हट्टाप्रमाणे हे पत्र. इथल्या विद्यापीठातला माझा करार मार्चअखेर संपतोय. उत्तरेकडच्या डोंगरात कामिताने नावाचं छोटं गाव आहे, तिथल्या नगरपालिकेला वन्यजीव संरक्षण अधिकारी हवाय. अस्वलं गावात उतरतात, लोक घाबरतात, मधे उभं राहायला कोणीतरी लागतं. मामा, पीएचडीची सगळी वर्षं मी याच कामासाठी झिजले. पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे.

अडचण तुम्हाला ठाऊकच आहे. गेल्याच्या गेल्या डिसेंबरात लॅबच्या पार्टीत बिअर प्यायले, मग मोठा शहाणपणा करून गाडी तिथेच ठेवली आणि मैत्रिणीची सायकल घेऊन निघाले. पुण्यात सायकलीला कोण वाहन म्हणतं? इथल्या पोलिसांनी म्हटलं. दंड झाला, काही महिने लायसन्सही गेलं. आता अर्जात बक्षिसं आणि शिक्षा असा एक रकाना आहे. खरं लिहिलं तर नोकरी जाईल, नाही लिहिलं तर माझी झोप जाईल. तुम्ही इतकी वर्षं या देशात आहात, काय करू ते सांगा.

मामीला नमस्कार. रागवायचं तर खुशाल रागवा, पण माया आटू देऊ नका.

तुमची,
कादंबरी


योकोहामा
११ फेब्रुवारी २०२६

चि. कादंबरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांसारखंच आहे. सायकलीवरून पकडले गेलेले तुझे आजोबाही होते, पण ते डबलसीटसाठी, आणि पूर्ण शुद्धीत.

माझं मत स्पष्ट आहे. रकाना मोकळा सोड. इथे विचारल्याशिवाय कोणी कोणाच्या घरात डोकावत नाही. नोकरी नाही तर व्हिसा नाही, हे ध्यानात ठेव. तुझी मेधामामी शेजारी बसून जोरजोरात मान हलवते आहे. ती म्हणते की लपवलंस, तर कामानिमित्त रोज पोलिसांना नमस्कार करताना तुझा चेहरा पडेल. तिचं मनावर घेऊ नकोस, तिला व्यवहार कमी कळतो.

तब्येत सांभाळ. आमचा जीव तुझ्यात अडकलाय, हे विसरू नकोस.

तुझा,
दिगंबरमामा


कामिताने
१९ एप्रिल २०२६

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

माफ करा, मामीचं ऐकलं. मुलाखतीत सगळं सांगितलं. आमचे प्रमुख इशिदा-सान यांनी एवढंच विचारलं की आता पार्टीत काय पितेस. ऊलाँग चहा, म्हटलं. सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलंय, गाडी मात्र चालवायची नाही.

आता हसा. इथे ऑफिसची गाडी नेण्याआधी प्रत्येकाला एका यंत्रात फुंकावं लागतं, दारूचा अंश नसेल तरच चावी मिळते. ते काम इशिदा-सानांनी मलाच दिलंय. रोज सकाळी मोठमोठी माणसं माझ्यापुढे ओळीने फुंकतात. फक्त शिकारी संघटनेचे म्हातारे ओकुनो-सान नाक मुरडतात. गावात त्यांचा शब्द चालतो, आणि मला कायम करताना त्यांचं मत विचारणार आहेत. त्याची धाकधूक आहे. बाकी मी मजेत.

मामीला सांगा, तिचा हात डोक्यावर असाच राहू दे.

तुमची,
कादंबरी


योकोहामा
२६ एप्रिल २०२६

चि. कादंबरीस,
अनेक आशीर्वाद.

हसून हसून पोट दुखलं, मग काळजीने दुखलं. त्या म्हाताऱ्याशी गोड बोल. वेळ पडलीच तर यंत्राकडे जरा कानाडोळा कर. पक्की झालीस की हवी तेवढी तत्त्वं पाळ. मेधाने लाडू पाठवलेत, अस्वलांना देऊ नकोस.

पत्राला उशीर केलास तरी आपुलकीला करू नकोस.

तुझा,
दिगंबरमामा


कामिताने
१४ ऑक्टोबर २०२६

ती. मामांस आणि ती. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

परवा गावचा उत्सव होता. काल सकाळी कळलं की शाळेमागे रानडुकरांसाठी लावलेल्या पिंजऱ्यात अस्वलाचं पिल्लू अडकलंय आणि आई तिथेच घिरट्या घालतेय. शाळा भरायला थोडाच वेळ होता. ऑफिसची गाडी घेऊन जायची पाळी ओकुनो-सानांची. ते घरून चालत आले, फुंकले, आणि यंत्र वाजलं. म्हणाले, रात्रीची आहे, झोपून उठलोय, ठणठणीत आहे. सगळे माझ्याकडे बघत होते. मामा, तुमचा कानाडोळा आठवला. तरी चावी दिली नाही. त्यांना सांगितलं की त्या सायकलीवर मलाही ठणठणीतच वाटत होतं. ते टोपी चढवून निघून गेले.

मी इशिदा-सानांना बोलावून घेतलं, शाळेला फोन करून मुलांना घरीच थांबवलं आणि पोलिसांबरोबर चालत जाऊन रस्ता अडवला. इशिदा-सान ट्रक घेऊन आले. ट्रकच्या आडून दोरीने आम्ही पिंजऱ्याचं दार ओढलं. पिल्लू आईमागे रानात पळालं. कोणाला ओरखडासुद्धा नाही. पण मी मनातून बॅग भरली होती.

आज ओकुनो-सान सूट घालून ऑफिसात आले. सगळ्यांसमोर कमरेत वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. म्हणाले की काल शाळेच्या रस्त्यावर अस्वलापेक्षा मोठा धोका मी ठरलो असतो, ही मुलगी गावाला हवी. मामा, मी कायम झाले! गाडीची बंदीही उठली. मी सगळ्यांदेखत रडले आणि मला जराही संकोच वाटला नाही. उद्यापासून फुंकणाऱ्यांच्या रांगेत मीसुद्धा.

आज एवढी खूश आहे की काही मागायचं सुचत नाही. आहे ते प्रेम पुरे आहे.

तुमची,
कादंबरी


योकोहामा
९ नोव्हेंबर २०२६

संरक्षण अधिकारी कादंबरीबाई यांस,
दिगंबरमामाचा सा. न. वि. वि.

माझा एकही सल्ला न मानल्याबद्दल तुझं अभिनंदन. मेधाने तुझं पत्र माझ्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतलं. काल इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला मी उभा राहिलो आणि सगळी हकीकत सांगितली, सायकलीसकट, काही न गाळता. हातातल्या चकल्या ठेवून लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतका अभिमान मला माझ्या स्वतःच्या नोकरीचाही कधी वाटला नव्हता.

मोठी अधिकारी झालीस तरी मामा-मामीवरचा जीव तसाच ठेव.

तुझा,
दिगंबरमामा

ता. क. शनिवारी आम्ही दोघं येतोय. मेधा म्हणते, स्टेशनवरून टॅक्सी करू. मी टॅक्सीला साफ नकार दिलाय. गाडी घेऊन तू ये. तुझ्या शेजारच्या सीटवर मी बसणार.