ओळीतली फट

गडचिरोली, ९ जानेवारी १९८५
प्रजासत्ताक दिनासाठी वसतिगृहाच्या मुलींचा रेला बसवते आहे. नाच त्यांच्याच गावचा, पण सगळ्यांची पावलं सारखी पडावीत असा अधीक्षिका अंजनाबाईंचा हट्ट. एकच ढोल, अन् किती तऱ्हा! ठमी टाच आपटते. बुधी खांदे उडवते. सोमारी गुडघ्यांतून डुलते — वाहत्या पाण्यात उभी असल्यासारखी. नागपूरला कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पियानो वाजवायच्या, तेव्हा माझी मैत्रीण लिली अन् मी तरी कुठे सारख्या नाचायचो!

१५ जानेवारी
सोमारीच्या पोटऱ्यांवर छडी बसली. "म्हशीवानी काऊन डुलून राह्यली वो?" अंजनाबाई म्हणाल्या. मुली फिदीफिदी हसल्या. आता सोमारी सगळ्यांसारखी नाचते. बघवत नाही.

२५ जानेवारी
शेवटची तालीम. एकमेकींच्या कमरेत हात गुंफून ओळ चालते, अन् सोमारी आज हातभर लांब! ओळीत फट दिसते, असं मीच म्हणाले. छडीचा राग धरला असेल, म्हणून अंजनाबाईंनी तिचे हात ओढून ठमी-बुधीच्या कमरेत कोंबले. तिघी रडत नाचल्या. उद्याही असंच धरायचं, अशी तंबी मिळाली.

२६ जानेवारी
पहिला नंबर. पेढे वाटले.

२८ जानेवारी
ठमी तापानं फणफणली आहे. तिनंच सांगितलं — शेवटच्या तालमीला सोमारीची पाळी होती. त्यांच्या गावात अशा वेळी बाई वेगळ्या झोपडीत राहते, कुणाला शिवत नाही. "तिनं शिवलं म्हणून ताप आला मले, बाई."
मुलींनी सोमारीचं ताट अंगणात भिरकावलं. तिला व्हरांड्यात निजवतात. त्यांना समजवा, असं मी अंजनाबाईंना म्हटलं. "त्याइचं त्याइले पाहू द्या."
सोमारीला माझी शाल द्यायला गेले. हातातून घेईना. खाली ठेवायला लावली.

३१ जानेवारी
सोमारी पहाटेच निघून गेली. धानोऱ्याकडच्या बाजारकरूंसोबत घरी गेली असणार, असं अंजनाबाई म्हणतात. तिच्या जागी दुसरी मुलगी उभी केली — पुढच्या महिन्यात नागपूरला नाच आहे. बरं झालं बाई, पोर आईजवळ पोचली! मला हायसं वाटलं.

७ फेब्रुवारी
सकाळी फाटकाशी सोमारीचे वडील, दसरू, उभे होते. काखेत नवं पोलकं.
"लेकीले न्यायले आलो, बाई. तिच्या बहिणीचं लगन हाय."