दारावरचा माणूस

भत्तेवाले साहेब,

"फुकट मिळालं की माणूस आळशी होतो," म्हणून तुम्ही माझ्या नवऱ्याचा बेकारी भत्ता तोडलात. तुमचं खरं ठरलं, तो कामाला लागला. तुमच्याच कचेरीच्या दारावर, भत्ता तुटलेल्यांना हुसकावायला. कामात तरबेज आहे. कोण कधी गयावया करणार हे त्याला आधीच कळतं, कारण तिथंच उभा राहून त्यानंही केली आहे.

माझं शिवणकाम सुटलं, म्हणून काल मीही भत्ता मागायला आले होते. त्यानं कोपराला धरून मला पायऱ्या उतरवल्या. "बाई, साहेब जेवायला गेलेत."

घरी मी वाढलं. पहिला घास घेऊन म्हणाला, "फुकट खायची सवय लावून घेऊ नकोस."

हे पत्र पाठवत नाही. तुमचं टपालही तोच घेतो.

तुमच्या दरवानाची बायको