पाठमोरी परीक्षा

१४ मार्च, वसतिगृह

ताईसाहेब,

नमस्कार. मी खुशाल आहे, म्हणजे जेवते, परेडला उभी राहते आणि तुझ्यासारखीच भांडते. फोन उचलत नाही म्हणून तू चिडली असशील. चीड. पण तुझा आवाज ऐकला असता तर माझा बांधच फुटला असता.

उद्या शेवटची शारीरिक तपासणी. पास झाले की सैन्यातल्या डॉक्टरचा गणवेश, आणि पुढे सात वर्षं ते पाठवतील तिथे नोकरी; बहुतेक एखाद्या चौकीवर, एकटी डॉक्टर. नापास झाले तर नियम साफ आहे, बाडबिस्तरा बांधायचा. आईने तर अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलंय!

बरं, सांगूनच टाकते. गोळीबाराच्या सरावात कानातला बोळा निसटला. तेव्हापासून माझा उजवा कान ठार बहिरा आहे. कुणाला बोलले नाही.

तपासणीत पाठमोरं उभं राहायचं, एकेक कान बोटाने दाबायचा. डॉक्टर मागून शब्द कुजबुजतात, ते आपण म्हणायचे. समोर बाकीच्यांची रांग असते. उजव्या कानाच्या वेळी माझी खोलीमैत्रीण डॉक्टरांचे शब्द ऐकून रांगेतून ओठ हलवणार आहे. आम्ही सराव केला; ‘दरवाजा’, ‘पंचवीस’, एकही चुकला नाही. हसून हसून पुरेवाट झाली.

आज दुपारी वॉर्डात मी एकाची पट्टी बदलत गप्पा मारत होते. उजवीकडच्या खाटेवर कालच ऑपरेशन झालेला जवान. तो मला हाका मारत होता, श्वास घेता येत नाही म्हणून. ताई, हाताच्या अंतरावर! दारातून सिस्टर धावत आली, मला बाजूला ढकललं. “अगं, बहिरी आहेस का?”

वाचला तो. संध्याकाळी विचारपूस करायला गेले, तर माझीच माफी मागतो. “मॅडम, माझा आवाजच निघत नव्हता हो.”

मी “हो ना” म्हणाले.

इतके दिवस नापास व्हायची भीती होती, आता पास व्हायची वाटते. चौकीवर कोण धावत येणार आहे?

मैत्रिणीला काही बोललेले नाही, ती रडून गोंधळ घालेल. तिला ओठ हलवू दे. मी डोळे मिटून उभी राहणार आहे.

आईला तू सांग, माझ्याने होणार नाही. आणि मला घ्यायला ये. आलीस की माझ्या डाव्या बाजूने चाल.

तुझी,
उद्या सकाळपर्यंतची डॉक्टर